दातवणाखालचे किटण

अकोल्यातल्या आमच्या डॉक्टरांनी आईचे सगळे दात काढायचे ठरवले, तेव्हा तिच्या तोंडात सव्वीस दात होते. तिच्या म्हणण्याप्रमाणे त्यांतला एकही दुखत नव्हता. दुखत होते ते गुडघे. शिवाय चार-पाच महिन्यांपासून संध्याकाळी अंग कढत व्हायचे, भाजीची पाटी डोक्यावर घेतली की धाप लागायची, आणि पन्नाशीही न गाठलेली बाई साठीची दिसू लागली होती.

डॉक्टर चांगले होते. नागपूरला शिकलेले. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला असल्यामुळे जे काही मोठे ते नागपूरचे, असा सर्वांचा समज होता, पण आमच्या डॉक्टरांचा लौकिक त्यावर उभा नव्हता. ते विलायती मासिके मागवून वाचत आणि वाचलेले करून पाहत. त्या काळी वैद्यकात एक विचार फार जोरात होता. सांधे धरले, हृदय बिघडले, अंगात बारीक ताप राहिला, तर त्याचे मूळ बहुधा दातांत असते. हिरडीत पू साठतो, तो रक्तात उतरतो आणि शरीरात कुठेही जाऊन बसतो. म्हणून आधी दात काढावेत. विचार अगदीच चुकीचा नव्हता. फक्त त्याच्या नावाखाली पुष्कळ चांगले दातही गेले.

डॉक्टरांनी आईचे तोंड उघडून पाहिले, हिरडी दाबली, बोटाला पू लागला तो वडिलांना दाखवला आणि दोन आठवड्यांनंतरचा सोमवार ठरवून दिला.

"सगळे?" आईने विचारले.

"सगळे. नंतर कवळी बसवून देऊ."

"त्या कवळीनं मुळा तुटते का जी?"

"या वयात मुळा कशाला खायला पाहिजे?"

"खायले नाही जी. इकायले."

डॉक्टरांना हे कळले नाही, कारण ते भाजी आणायला स्वतः बाजारात जात नसत.

आमची मोर्णा नदीच्या काठी दोन एकर बागाईत जमीन होती. वडील पिकवायचे आणि आई विकायची. अकोल्याच्या भाजीबाजारात माळणींची एक रांग बसे. तिथे विकण्याच्या पद्धती ठरलेल्या होत्या. कोणी पाणी शिंपडून पालेभाजी ताजी दाखवायची, कोणी गिऱ्हाइकाच्या सासरचे नाते काढायची. आईची पद्धत दातांची होती. ढिगातला एक मुळा उचलायचा, गिऱ्हाइकासमोर कचकन तोडायचा, आणि तो आवाज विरायच्या आत भाव सांगायचा. काकडीचे देठाकडचे टोक चावून ती कडू नाही हे स्वतःच्या चेहऱ्याने पटवून द्यायचे. शिंगाडा दाताने फोडून आतला पांढरा गर पुढे करायचा. शेजारची माळण म्हणे, "भाजी तिची नाही खपत, दात खपतात." आई उत्तर देई, "मंग तू बी दाखव वं तुहे. हायेत का?"

दात गेले तर आईची बाजारातली जागा जाणार होती. खाण्याचे तिला विशेष वाटत नव्हते, भाकर दुधात कुस्करता आली असती. पण कवळी बसवलेली बाई मुळा तोडते आहे, आणि मुळ्याबरोबर कवळीही बाहेर येते आहे, असे चित्र शेजारच्या माळणीने दोनच दिवसांत साऱ्या रांगेला करून दाखवले. आई तेव्हा हसली. घरी आल्यावर मात्र जेवली नाही, असे वडिलांनी मला सांगितले.

मी त्या वेळी अमरावतीला एका साप्ताहिकात होतो. बातम्या लिहिणे, मुद्रिते तपासणे आणि जाहिरातींचा मजकूर नीट करणे, ही कामे माझ्याकडे होती. वडिलांचे पोस्टकार्ड आले: "तुझ्या मायचे दात सोमवारी काढतात. सगळे. येऊन जा." वडिलांचे पत्र एरवीही यापेक्षा लांब नसे.

ते कार्ड आले त्याच आठवड्यात माझ्या टेबलावर एक जाहिरात होती. कलकत्त्याला शिकून आलेल्या एका दंतवैद्यांनी अमरावतीत दवाखाना काढला होता. जाहिरातीत दोन वाक्ये होती. पहिले: "सर्व रोगांचे मूळ दातांत आहे." दुसरे: "स्त्रियांचे दात स्त्रीकडून साफ करून मिळतील." संपादकांनी पहिल्या वाक्याखाली रेघ मारून मला दवाखान्यात पाठवले. जाहिरात झाली तरी खोटे छापायचे नाही, असा त्यांचा नियम होता, आणि तो ते सोयीप्रमाणे पाळत.

दंतवैद्य आत एकाची दाढ काढत होते. बाहेरच्या खोलीत पांढऱ्या लुगड्यातली एक बाई उकळत्या पाण्यातून वाकड्या सळया चिमट्याने काढून फडक्यावर मांडत होती. वय पस्तिशीचे, बांधा आटोपशीर, कपाळ मोकळे. पूर्वी ती एका मिशनच्या दवाखान्यात परिचारिका होती. दात साफ करण्याचे काम तिला दंतवैद्यांनीच शिकवले होते. या कामाला तेव्हा आमच्याकडे नाव नव्हते. लोक तिला दातवाल्या बाई म्हणत.

मी वाक्य वाचून दाखवले आणि हे खरे का, असे विचारले.

"सर्व नाही," ती म्हणाली. "काही रोगांचं मूळ दातांत असतं. पुष्कळांचं नसतं. पण ते तोंडात दिसतात. हे लिहून घ्या भाऊ."

"म्हणजे?"

"म्हणजे हिरडी पाहिली की माणसाचं बाकीचं काय चाललं ते थोडं कळतं. घराची मोरी पाहिली की घर कळतं ना, तसं."

संपादकांनी मोरी गाळली. बाकीचे वाक्य सुधारून छापले. मी त्याच भेटीत आईची हकिगत तिला सांगितली होती. तिने सळया मांडणे थांबवले नाही. "सगळे काढायच्या आधी एकदा मले दाखवा," एवढेच म्हणाली. "काढलेला दात परत लावता येत नाही. साफ केलेला काढता येतो."

मी अकोल्याला लिहिले. आई आणि वडील सोमवारच्या आधीच्या बुधवारी निघाले. मूर्तिजापूरवरून बडनेऱ्यापर्यंत पॅसेंजरने, तिथून गाडी बदलून अमरावतीला. मी स्टेशनवर गेलो होतो. आई डब्यातून उतरली आणि मला पाहून हसली. तिचे सगळे दात पिकलेल्या जांभळासारखे चकाकत होते.

इथे रिवाज सांगायला हवा, कारण पुढचे सगळे त्यावरून झाले. आमच्या भागात जुन्या चालीच्या लग्न झालेल्या बायका दातांना दातवण लावत. हिरडा, मायफळ आणि हिराकस कुटून केलेली ती काळी पूड. ती दोन-चार दिवसांनी घासली की दात काळे राहत. कपाळाला कुंकू तसे दाताला दातवण. नवरा जिवंत आहे याची ती खूण होती, आणि नवरा गेला की कुंकवाबरोबर तीही जाई. नव्या पिढीच्या मुली लावत नव्हत्या. आई लावत होती. अमरावतीसारख्या शहरात, तेही मोठ्या दातांच्या दवाखान्यात जायचे, तर तोंड नीट असावे म्हणून तिने दोन संध्याकाळ बसून नेहमीच्या दुप्पट दातवण चढवले होते. लग्नाला जाताना माणूस नवे नेसतो, त्यातलाच हा प्रकार. पण दात दाखवायला निघालेल्या बाईने एकही दात दिसू नये अशी तयारी केली होती.

दवाखान्यात आई त्या उंच खुर्चीवर बसली. बाईंनी आरसा तोंडात घातला, दिवा जवळ घेतला, आणि आरसा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला.

"काय दिसते?" वडिलांनी बाकावरून विचारले.

"अमावस्या," बाई म्हणाल्या.

आईला स्वतःलाच हसू आले, आणि हसता हसता तिचे लक्ष प्रथमच बाईंच्या कपाळाकडे गेले. नंतर हातांकडे. बांगड्या नव्हत्या. आईने तोंड मिटले. आरसा आतच राहिला.

"उघडा माय."

आईने मान हलवली.

"आरसा तरी द्या. एकच हाय."

आरसा मिळाला, पण तोंड पुन्हा उघडले नाही. प्रश्न कोणाला समजावून सांगावा लागला नाही. हे काळे खरडल्याशिवाय दात दिसणार नव्हते, आणि खरडणारा हात विधवेचा होता. अकोल्याचे डॉक्टर निदान ओळखीचे होते; इथे हात दंतवैद्यांचा असता, तर अनोळखी पुरुषाचा हात तासभर तोंडात, म्हणून आई आलीच नसती. मी खिडकीपाशी उभा होतो.

बाई चिडल्या नाहीत. हा प्रसंग त्यांना नवा नसावा. त्यांनी स्टूल ओढले आणि आईसमोर बसल्या.

"माय, मी कोणाचं कुंकू पुसायले बसली नाही. मी किटण खरडायले बसली."

"तुले बोल नाही लावत वं," आई ओठ न उघडता म्हणाली. "पण यायच्या नावाचं हाय ते."

"यायले विचारा मंग. इथंच बसले हायेत."

वडील उभे राहिले. त्यांना दवाखान्यात बसायचे असेल तर टोपी काढावी की ठेवावी, याचीच अजून खात्री नव्हती. "मी जित्ता हाओ," ते म्हणाले. "तुह्या दाताच्या भरवशावर नाही. काढ म्हणतो मी."

"तुमी म्हनान. लोक काय म्हनतीन?"

"लोकायले मी तोंड दाखवीन ना माहं."

बाईंनी मग एक तोड काढली. "असं करा. काळं तुमीच काढून आणा, तुमच्या हातानं. पिवळं मी काढीन. पिवळ्यावर तं कोणाचं नाव नाही?"

आईने विचार केला. पिवळ्यावर कोणाचे नाव नव्हते.

काळे कसे काढायचे हेही आईनेच ठरवले. हंडे चिंचेने लख्ख निघतात, तर दातही निघतील. बाई म्हणाल्या, चिंचेने दात झिजतात, पण एकदा चालेल, रोज नको. त्या संध्याकाळी माझ्या खोलीच्या मागे, हौदाशी बसून, आईने चिंचेचा कोळ आणि मीठ बोटाला फडके गुंडाळून दातांवर घासले. वडील तांब्याने पाणी घालत होते. मधूनमधून ती तोंड उघडून त्यांना दाखवी. ते म्हणत, "अजून दोन बाकी हायेत, तिकडचे." शेजारच्या खोलीतल्या एका वकिलाच्या कारकुनाने खिडकीतून बराच वेळ हे पाहिले आणि मला दुसऱ्या दिवशी विचारले, की तुमच्याकडे पाहुण्यांनी आल्यावर काय काय घासायची पद्धत आहे?

गुरुवारी सकाळी आई पुन्हा खुर्चीवर बसली. आता तोंडात जे होते ते दिसले. खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला किटणाचा सलग बांध होता. बाईंनी वाकडी सळई लावली. पहिला तुकडा निघाला तेव्हा खडा पडल्यासारखा आवाज झाला. तो पत्र्याच्या तसराळ्यात पडला होता.

"दात पडला काय?" वडील उठले.

"दात नाही. दातावरचा दगड."

आईने बोटाने तुकडा चाचपून पाहिला. "बाई गं. हा मी कितीक वर्सं तोंडात घेऊन फिरली?"

"दहा-बारा असतीन."

"अन् यानं कधी काही सांगतलं नाही?"

काम दीड तास चालले. मध्ये लाल औषधाच्या गुळण्या, मध्ये विश्रांती. बाई सारख्या बोलत होत्या. आईला वाटले, तिचे मन रमावे म्हणून बोलतात. मला नंतर कळले, की त्यांचे विचारणे हाच कामाचा अर्धा भाग होता. शेत किती, मुले किती, तहान किती लागते, पाण्याचा तांब्या उशाशी ठेवता का, पायाला काही लागले का. आई तोंड उघडे ठेवून हातांनी उत्तरे देत होती, आणि जिथे हात पुरत नव्हते तिथे वडील बोलत होते.

"पायाले काटा लागला होता बाभळीचा," ते म्हणाले. "तो काही भरून नाही राह्यला."

"कधीचा?"

"पोळ्याच्या आधीचा."

आता संक्रांत होऊन गेली होती. बाईंनी सळई खाली ठेवली. आईचा पाय मांडीवर घेऊन अंगठ्याखालची जखम पाहिली. मग पुन्हा तोंडात पाहिले. हिरड्या फुगलेल्या, गडद, नुसता कापूस लागला तरी रक्त येत होते, आणि तीन ठिकाणी पू होता. किटण होतेच, पण किटणाच्या मानाने हिरड्यांची अवस्था फार वाईट होती. हा फरक बाईंच्या लक्षात आला होता. रोज दहा तोंडे पाहणाऱ्यालाच तो कळू शकतो.

"मोरीत मुंगळे लागतात का तुमच्या?"

"मुंगळे तं घरभर हायेत," आई म्हणाली. "बागाइतीत राहतो आमी."

"घरभर नाही," वडील म्हणाले. "ही मोरीत जाऊन आली की तिथं जास्त."

आईने त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिले, की ही गोष्ट परक्या बाईसमोर सांगायची होती का? पण बाई आधीच दारातून दंतवैद्यांना बोलावत होत्या. दंतवैद्यांनी हिरड्या पाहिल्या, पाय पाहिला, आणि मान डोलावली. दोन मागच्या दाढा हलत होत्या, त्या गेल्या पाहिजेत. बाकीचे दात, त्यांच्या मते, राहू शकतात. पण आधी लघवी तपासली पाहिजे, आणि ते काम अकोल्याच्या डॉक्टरांचे. त्यांचा रोगी, त्यांना न विचारता पुढे जाणे बरे नाही. त्यांनी चिठ्ठीचा कागद बाईंच्या पुढे सारला.

"तुम्ही पाहिलंत, तुम्हीच लिहा. मी खाली सही करतो."

ती चिठ्ठी मी वाचली आहे. तीन ओळींची होती. हिरड्यांवरून आणि पायाच्या जखमेवरून मधुमेहाचा संशय येतो. तसे असेल तर सगळे दात एकदम काढल्यास जखमा भरणार नाहीत, विष चढेल. कृपा करून आधी लघवी तपासावी. एकही शब्द जास्तीचा नव्हता. आमच्या साप्ताहिकात असे लिहिणारे कोणी नव्हते.

शुक्रवारी आई-वडील परत गेले. मी दोन दिवसांची रजा काढून शनिवारी गेलो. आई बाजारात बसली होती. दात चुन्यासारखे पांढरे नव्हते, पण काळे नव्हते एवढे नक्की. रांगेतल्या प्रत्येक बाईची नजर आधी तिच्या दातांवर जाई, मग कपाळावर, मग मनगटांवर. कुंकू होते, बांगड्या होत्या. हिशेब लागत नव्हता. विचारायचे कसे, हेही कळत नव्हते. शेवटी एका फुलवालीने मार्ग काढला. ती बाजारात काही बोलली नाही, सरळ आमच्या घरी गेली, आणि अंगणात पोचताच पदर तोंडाला लावून रडू लागली.

वडील वांग्यांची पाटी घेऊन बाहेर आले. "काय झालं वं? कोन गेलं?"

फुलवालीने पदर खाली केला, त्यांना पाहिले आणि तिचे रडणे तिथेच थांबले.

"सांग ना. कोन गेलं?"

"तुमी, जी," ती म्हणाली.

वडिलांनी तिला चार वांगी दिली. त्या दिवशी संध्याकाळी ते कधी नव्हे ते बाजारात गेले आणि आईच्या शेजारी पोत्यावर तासभर बसून राहिले. कोणी काही विचारले नाही. उठताना त्यांनी रांगेकडे पाहून मोठ्याने सांगितले, "पाह्यलं ना सगळ्यायनं? मंग जातो मी."

सोमवार आला. डॉक्टरांच्या दवाखान्यात मी आईबरोबर होतो. चिमटे उकळून तयार होते. आईने कमरेची चिठ्ठी काढून दिली आणि पिशवीतून एक बाटलीही काढली, फडक्यात गुंडाळलेली. बाईंनी सांगितल्याप्रमाणे तिने ती सकाळीच भरून आणली होती.

डॉक्टरांनी चिठ्ठी वाचली. "हे कोणी लिहिलं?"

"दात घासणाऱ्या बाईनं."

"दात खरडणारी बाई मला औषध शिकवते?"

"शिकवत नाही जी," आई म्हणाली. "सांगून राह्यली."

डॉक्टरांचा चेहरा लाल झाला होता. चिमटे उकळून समोर ठेवलेले असताना माणसाला थांबणे जड जाते. पण ते वाचणारे होते, आणि चिठ्ठीत वाचण्यासारखे काहीतरी आहे हे त्यांना दिसत होते. त्यांनी दुसऱ्यांदा वाचली. मग बाटली उघडली, नळीत निळे औषध घेतले, त्यात बाटलीतले थेंब टाकले आणि नळी दिव्यावर धरली. निळ्याचे हिरवे झाले, हिरव्याचे पिवळे. आई पुढे वाकून पाहत होती.

"रंगपंचमी लय लवकर आली," ती म्हणाली.

पिवळ्याचे विटेसारखे तांबडे झाले, म्हणजे लघवीत साखर पुष्कळ होती. डॉक्टरांनी नळी दिव्यावरून काढली आणि उजेडाकडे धरून बराच वेळ पाहिली. नंतर त्यांनी चिमट्यांच्या तबकावर फडके टाकले.

"दात आज नाही काढायचे," ते म्हणाले.

"अन् उद्या?"

"उद्याही नाही. सहा आठवड्यांनी पाहू."

गूळ बंद, साखर बंद, भात बंद, ज्वारीची भाकर मोजून, मेथी आणि कारले पाहिजे तेवढे. आई म्हणाली, कारले आमी इकतो, खात नाही. डॉक्टर म्हणाले, आता खावे लागेल. इंजेक्शनाची गरज पडली नाही. रोग त्या पायरीला पोचण्याआधी सापडला होता. पायाची जखम रोज धुऊन बांधायची, आणि दर दोन आठवड्यांनी अमरावतीला जाऊन हिरड्या साफ करून घ्यायच्या, हे डॉक्टरांनी स्वतः कागदावर लिहून दिले. निघताना आईने त्यांना विचारले, "डाक्टरसाहेब, तुमी कधी दाखवलं का जी तोंड कोणाले?" डॉक्टरांनी ओठ मिटून घेतले. पुढे एकदा अमरावतीच्या दवाखान्यात, बाहेरच्या बाकावर, मी त्यांना वर्तमानपत्र तोंडासमोर धरून बसलेले पाहिले. मी नमस्कार केला नाही. त्यांना तेच बरे वाटले असावे.

सहा आठवड्यांनंतरची स्थिती अशी होती. संध्याकाळचा ताप थांबला होता. पायाची जखम भरली होती. धाप कमी होती. दोन हलणाऱ्या दाढा दंतवैद्यांनी काढल्या, एका आठवड्याच्या अंतराने एकेक, आणि दोन्ही जागा नीट भरल्या. चोवीस दात राहिले. गुडघे थोडे हलके झाले, पण दुखणे गेले नाही. ते पुढेही राहिले. दात साफ केल्याने गुडघे बरे झाले, असे मी कोणाला सांगितले नाही, आणि बाईंनीही कधी तसे म्हटले नाही.

आईने दातवण पुन्हा लावले नाही. तिने वडिलांना विचारले होते. ते म्हणाले, "माहे दिस तुह्या दातावर नाही टिकले, देवावर टिकले. तू तुहं पाह्य." बाजारातल्या काही बायकांनी नाके मुरडली. दोघी-तिघींनी मात्र तिला बाजूला घेऊन, आवाज खाली करून विचारले, ते अमरावतीचं कसं काय हाय वं? त्यानंतर आई एकटी जात नसे. पॅसेंजरच्या बायकांच्या डब्यात चार-पाच माळणी असत, फुलवालीही त्यात असे. खाली पाट्या आणि वर गप्पा. एकीला पाचवा महिना होता. तिच्या हिरड्यांतून रक्त येई, आणि सासू म्हणे उष्णता आहे, दात घासायचे बंद कर. बाईंनी त्या सासूलाच पुढच्या खेपेला घेऊन यायला सांगितले आणि तिला बसवून आधी तिचेच दात साफ केले. सून नंतर. सासू परत जाताना सुनेला दात घासण्यावरून रागावत गेली, पण उलट कारणाने.

मी त्या खेपांपैकी तीन-चार वेळा हजर होतो, कारण दवाखाना कचेरीच्या वाटेवर होता. शेवटची जी मला आठवते ती पुढच्या पावसाळ्यानंतरची. आई खुर्चीवर बसली, आता कोणी न सांगता तोंड उघडून. बाईंनी आरसा फिरवला, सळईने वरच्या हिरडीची कड तपासली, खालची तपासली, कापूस लावून पाहिला. रक्त नव्हते.

"उठा माय. काही नाही."

"काही नाही म्हंजे?"

"किटण नाही. साफ हाय."

आई उठली नाही. "अकोल्यावून आली मी. बडनेऱ्याले दीड तास गाडीची वाट पाह्यली. अन् काही नाही?"

"नसलं तं काय घरून आणून लावू?"

"नीट पाह्य वं. मांगच्या दाढेमांगं असन."

बाकावर बसलेल्या माळणी हसू लागल्या. बाईंनी दिवा पुन्हा जवळ घेतला. त्यांनी खरोखर पाहिले, घाई न करता, एकेका दाढेमागे. शेवटच्या डाव्या दाढेपाशी त्या थांबल्या, सळई घातली आणि एकदा हलकेच ओढली.

"हाय. एवढुसं."

खसखशीच्या दाण्याएवढा तुकडा त्यांनी आईच्या तळहातावर ठेवला. आईने तो बोटाने हलवून पाहिला, बाकावरच्या बायकांना दाखवला आणि समाधानाने खुर्चीवरून खाली उतरली. ते किटणच होते. मी नंतर बाईंना विचारून घेतले.